राईची माती

दगड कुजतो, असं म्या पहिल्यांदा सांगितलं तवा आख्खी वाडी माज्या तोंडाकडं बगून हसली. हसा म्हणावं! मी सारोळ्याची लेक हाय, कुणाच्या हसण्यानं मागं सरणारी न्हाई.

सारोळं म्हंजी नीरेकाठचं गाव. तितं काळी माती इतकी खोल, की कुदळ मारली तर पार आत जाती. लहानपणी वाटायचं, माती ही असतीच सगळीकडं, वारा असतो तशी. मग लगीन होऊन हितं आले. नीरेला मिळणाऱ्या गुंजवणी नदीच्या वरच्या अंगाला, राजगडाच्या पोटात ही आमची वाडी. दुसऱ्या दिवशी वावर बगायला म्हणून गेले तर टाचेला नुसता दगड. म्या इचारलं, "अवं, वावर कुठाय?" आमचे मालक, गेनू त्यांचं नाव, उघड्या कातळाच्या उताराकडं हात करून म्हणाले, "ह्येच की." मी रडलेच. खरं सांगते, तोंडात पदर धरून रडले.

वाडीत भाताची खाचरं नव्हती असं न्हाई. पण ती ज्याच्या त्याच्या वाडवडलांनी करून ठिवलेली. आमच्या वाटणीला आला कातळाचा उतार, त्यावर मूठभर नाचणी-वरी, आन् दोन उतारांच्या मधनं वाहणारा वढा. खाचर न्हाई तर भात न्हाई, आन् भात न्हाई तर घरातला गडी मुंबईला. हितली रीतच ती. निम्म्या घरांत नुसत्या बाया आन् म्हातारी माणसं. गडी सणाला यायचे, पाव्हण्यासारखे चार दिस बसायचे आन् जायचे. मालकांचा चुलतभाऊ दादू मुंबईला मालधक्क्यावर व्हता. त्यो दर खेपेला सांगायचा, "गेनूला लावून द्या, म्या जागा धरून ठिवतो." त्ये ऐकलं की माज्या अंगाचा भडका उडायचा. म्या लगीन काय शिमग्याला आन् दिवाळीला नवरा बगायला केलं व्हतं?

आता दगडाचं सांगते.

आमचा वढा येतो देवीच्या राईतनं. राई म्हंजी काय हे बगितल्याबिगर कळायचं न्हाई. भवतीचा डोंगर उघडाबोडका, आन् मधीच ही एवढी गच्च झाडी, की भर दुपारी आत शिरलं तर डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. जांभळी, हिरडे, आन् त्यांच्यावर माणसाच्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली, या झाडावरनं त्या झाडावर गेलेल्या. पाऊस उघडला तरी राईत किती तरी येळ पानांवरनं ठिबकत ऱ्हातं. खाली पाचोळा गुडघाभर. आन् नेम असा, की राईतली वाळकी काडीसुदा भाईर न्ह्यायची न्हाई. चूल इझली तरी चालंल, पण त्या काडीला हात लावायचा न्हाई. देवीची पूजा कोंडिबा आबांच्या घराकडं. आबा म्हंजी वाडीतलं वडीलधारं माणूस, बोलणं कमी, नजर लई धारदार.

एकदा उन्हाळ्यात वढा आटला म्हणून पाण्याचा झरा धुंडत मी वर वर गेले, राईच्या कडेपतुर. तितं वढ्यानं काठ कापलेला व्हता, अगदी भाकरी मोडावी तसा, आतलं समदं दिसायला लागलं व्हतं. वर पाचोळा. त्याच्या खाली काळी माती. त्याच्या खाली तांबडी. आन् त्याच्या खाली गोल गोल धोंडे, मातीत बसलेले. म्या एका धोंड्याला आधार म्हणून हात लावला, तर त्याचं साल निघून माज्या हातात आलं! कांद्याचं निघतं तसं. त्याच्या आत अजून एक साल. नखानं खरवडलं, तेबी निघालं. बोटात चुरलं तर त्याची माती झाली. तांबडी, मऊ, वलसर. आत मातुर अजून मुठीएवढा काळा कठीण दगड शिल्लक.

अगं बया! म्हणलं, हा दगडच हाय, आन् हीच माती हाय, आन् मधी सांधा कुठंच न्हाई! एका झाडाची मुळी एका धोंड्याच्या फटीत शिरली व्हती आन् त्याचे दोन तुकडे करून पुढं गेली व्हती. मला आठवलं, विळा पावसात इसरला की गंजून तांबडा व्हतो, पापुद्रे सुटतात आन् बोटाला लागतात. तसंच ह्ये. वलीत आन् उबेत, पाचोळ्याच्या पाण्यात, दगड गंजत व्हता, कुजत व्हता. आन् आमच्या उतारावर का कुजत नव्हता? कारण तितं पाऊस पडायचा आन् पळून जायचा, जरा कुठं दगड भुगा झाला की त्यालाबी घिऊन जायचा. राईत पाऊस झाडांनी धरून ठिवलेला, आन् झालेली मातीबी मुळ्यांनी धरून ठिवलेली. थोडी थोडी सुटायची, तेवढीच वढ्यात यायची.

घागर तितंच टाकली आन् पळत सुटले. वाटेत दिसंल त्याला सांगत गेले. घरी माजी सासू, अक्काबाई, जात्यावर बसली व्हती. मी तिला आत्याबाई म्हणते. म्हणलं, "आत्याबाई, दगड कुजतो!"

तिनं जातं थांबवलं न्हाई. "तुजं डोस्कं कुजलंय. दगड कुजत असता तर माजं जातं एव्हाना खीर झालं असतं."

"कुजतो, म्या हातानं चुरला! राईच्या कडंला. आत्याबाई, डोंगर आपल्यासाठी माती करतोय, आन् आपून ती दर साली नदीला घालवतोय!"

आता मातुर तिनं जातं थांबवलं. लई बोलणारी बाई न्हाई ती.

त्या राती म्या मालकांना म्हणलं, "वढ्याला ताल घाला."

ताल म्हंजी दगडांचा आडवा बांध. पाणी त्यातनं पाझरून जातं आन् गाळ मागं बसतो. साचत साचत गेला की खाचर हुतं. बारक्या घळींना अशा ताली घातलेल्या वाडीत व्हत्या, पण आमच्या वढ्याला कुणी हात लावला नव्हता. मालक म्हणाले, "त्यो वढा आषाढात म्हस वाहून न्हेतो."

"म्हस न्हेतो तर माती बी न्हेतोच की. तीच धरायची."

मालक सादे माणूस. तंबाखू मळत बसले, मग म्हणाले, "ठकू, असं कर. दोन पावसाळे माती धरायला. तिसऱ्या पावसाळ्यात लावणी झाली पायजे. झाली तर मी हितंच. न्हाई झाली तर मी दादूकडं जाणार, आन् मग तू आडवं यायचं न्हाई."

"कबूल," म्हणलं.

कोयनेचा भूकंप झाला ना, त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात आमी ताल घातली. खाली मोठे धोंडे, पायाला कातळात खोबणी करून बसवलेले. वर येईल तसे बारके, आन् समदी भिंत डोंगराकडं जरा कललेली. चिखलानं लिंपायची न्हाई, न्हाईतर पाणी आडून भिंत फुटती. एका कडंला पाण्याला जायला सांड ठिवायची. दगड समदे आमच्याच उतारावरचे. मी डोक्यावरनं वाहिले, मालकांनी बसवले. हाताची सालं गेली. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय गं ठकू, दगड कुजला का न्हाई अजून?" मी म्हणायची, "कुजतोय, कुजतोय! तुमच्या जिभंला मातुर काय हुत न्हाई!"

पहिल्या पावसाळ्यात आला नुसता मुरूम आन् खडा. मालकांचं तोंड उतरलं. आत्याबाई म्हणाली, "आदी जाड बसतं, मग बारीक. ताकावर लोणी यायला बी येळ लागतो." मग आमी भिंतीच्या मागं करवंदीच्या काटेरी फांद्या रचल्या, बारीक गाळ त्यात अडकावा म्हणून. आन् दुसऱ्या पावसाळ्यात काय सांगू! श्रावणात पाणी उतरलं तवा मागं मांडीभर माती! काळी-तांबडी, मऊ, तिला राईचा वास. मी त्यात दोन्ही पाय रोवून उभी ऱ्हायले, आन् लगीन झाल्यापासनं पहिल्यांदा मला सारोळ्याची आठवण आली तरी रडू आलं न्हाई. मालक कडंला उभे राहून हसत व्हते. म्हणाले, "ठकू, दादूला कळवू का, जागा सोडून दे म्हणून?" म्हणलं, "लावणी होऊ द्या."

बरं झालं कळवलं न्हाई.

वैशाखात मी तिसऱ्या पावसाळ्याची तयारी करत व्हते. रोपाच्या जागंवर पालापाचोळ्याचा राब भाजून झाला व्हता, आत्याबाईनं मडक्यातलं बी काढून दिलं व्हतं. कोंडिबा आबा तालीवरनं चालले व्हते. थांबले. वाकले. माज्या मातीतनं एक कोंब वर आला व्हता, त्याला त्यांनी बोट लावलं.

"हे काय हाय, सूनबाई?"

"उगवलं असंल काय तरी, आबा."

"गारंबी हाय. गारंबी राईच्या भाईर कुठं हाय, सांग."

कुठंच नव्हती. त्या वेलीची बी वढ्यातनं वाहून माज्या तालीत अडकली व्हती, तितंच रुजली व्हती.

"म्हंजी ही माती राईतली," आबा म्हणाले. "राईतली काडी आपून आणत न्हाई, आन् तू देवीची माती अडवून ठिवलीस व्हय?"

माजं टाळकंच सरकलं. म्हणलं, "आबा, राईतनं पाणी येतं त्ये समदी वाडी पिते! त्ये चोरीचं न्हाई का?"

पण आबांचं बोलणं काय येडं नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "पाणी देवी सोडती आन् आपून वाहतं त्ये पितो. तू वाहतं हुतं त्ये धरलंस. सोडलेलं घेणं येगळं, जाणारं धरणं येगळं."

सांजच्याला देवळापाशी समदी जमली. कोण म्हणालं ताल फोडा, कोण म्हणालं वाडीवर आजार येईल. म्या तिथल्या तितं कुदळ उचलली. म्हणलं, "फोडते! आत्ता फोडते, मग जाऊ द्या समदी माती नीरेला, माज्या माहेराला! तितं कुणी इचारत न्हाई ती कुणाची म्हणून!" मालकांनी माजा हात धरला. आन् आत्याबाई, जी चार माणसांत कदी बोलत न्हाई, ती उठून उभी ऱ्हायली.

"माती देवीची असंल तर देवीला माघारी दिऊ," ती म्हणाली. "पाटीपाटीनं वाहू. पण ताल फोडायची न्हाई. दगड आमच्या उतारावरचे हायेत, त्यात देवीचं काय न्हाई. काय, आबा?"

आबांनी इचार केला. "व्हय," म्हणाले. "दगड तुमचे."

घरी आल्यावर मालक म्हणाले, "मग मी दादूकडं जातो, ठकू. ठरलं व्हतं." ठरलं व्हतंच ना! आडवं कशी येणार?

माती वाहिली. दोन पावसाळ्यांची माती उन्हातानात डोंगर चढून वर न्हेली. आदी लोक बगत व्हते, मग एक-दोन बायांनी पाट्या घेतल्या, मग वाडीच लागली. मला हसावं का रडावं कळंना, जणू माज्या घरचं कार्य व्हतं! आबांनी राईत देवीच्या थानाच्या खालच्या अंगाला जागा दावली, तितं वतायची. ढीग वाढत गेला, तांबडाकाळा, भुसभुशीत. शेवटची माती म्या पाटीत घेतली न्हाई. पदरात घेतली. हळदीकुंकू टाकलं, आन् देवीची वटी भरावी तशी तिच्यापुढं वतली.

वतताना म्हणलं, "घे बाई तुजं तुला. मोजून घे. कमी असंल तर सांग. पण माजा नवरा मुंबईला गेला तर मी रोज हितं येऊन तुज्याशी भांडणार, सांगून ठिवते!" आबा मागंच उभे व्हते. ऐकलं असणार.

तरी म्या रोपं केली. आत्याबाई म्हणाली, "बी काढलंय तर टाकून मोकळी हो." लोक म्हणाले, ठकूला याड लागलंय, लावायला जागा न्हाई आन् रोपं करतीया. रोपं आली बी अशी तजेलदार, की बगून जीव तुटायचा. आषाढात ती लावणीला आली, आन् आषाढातच मालकांनी जायचं धरलं. मोठी झड लागली व्हती. डोंगर दिसत नव्हता, आंगण दिसत नव्हतं.

आन् न्यायला काय काढावं त्यांनी? माज्या लग्नातली ट्रंक! माज्या बापानं सारोळ्याला सडकेवरच्या दुकानातनं घेतलेली, हिरवी, वर गुलाबाची फुलं. म्हणलं, "दुसरं काय मिळालं न्हाई व्हय?" तर म्हणाले, "ठकू, दुसरं हाय काय आपल्यात?" नवी पैरण घातली, ट्रंक खांद्यावर घेतली, इरलं पांघरलं आन् मार्गासनीला यष्टी धरायला खाली उतरले. त्यांनी वळून बगितलं, म्या बगितलं न्हाई. राग, राग व्हता नुसता. डोकं फुटायची येळ आली व्हती.

घरात थांबवंना. इरलं घेतलं आन् तालीकडं गेले. का गेले म्हणाल तर मलाच ठाव न्हाई. रिकाम्या जागेपाशी जाऊन बसावं वाटलं.

आन् बगते तर काय, वढ्याचं पाणी नेहमीसारखं मातकट नव्हतं. दाट! आंबील असती तसं दाट, तांबडंलाल! म्या वाकून ओंजळ भरली. बोटात चोळली. अगं आई गं! तीच. तीच मऊ, तीच राईच्या वासाची. आमी वतलेला ढीग! तिला धरायला ना मुळी व्हती ना पाचोळा, सुट्टी माती ती, झड लागल्यावर थानाखाली कशी ऱ्हाईल? समद्या वाडीनं वर न्हेलेली माती पाटीविना, घामाविना, नाचत खाली येत व्हती! आन् माज्या तालीच्या मागं पाणी मंद हुत व्हतं, आन् ती बसत व्हती, थरावर थर!

मी वरडले. कुणाला वरडले देव जाणे. "आत्याबाई! आत्याबाई वो! आली! माघारी आली!"

आन् तेवढ्यात सांडीच्या कडंचा एक धोंडा हलला.

पाणी लई व्हतं. धोंडा निसटला आन् खाली गडगडत गेला, आन् त्या भगदाडातनं पाणी असं फुटलं, की बाजूचे दगड थरथरायला लागले. एक गेला तर दुसरा, दुसरा गेला तर ताल, आन् ताल गेली तर समदं. म्या पाण्यात उतरले. भगदाडात दगड घालायला बगितला, पाण्यानं हातातनं ओढून न्हेला. दुसरा घातला, तोबी न्हेला. मग पाठ लावून बसले. पाणी पाठीवर धडका मारत व्हतं. आत्याबाई वरनं पळत येत व्हती, पण ती म्हातारी, काय करणार? म्या म्हणलं, देवी, देतीस तर नीट दे की! असं देऊन हिसकावून न्हेतीस व्हय गं?

"ठकू! बाजूला हो!"

मालक! चिंब भिजलेले, खांद्यावर ट्रंक. नदीच्या फरशी पुलावरनं पाणी चाललं व्हतं, पलीकडं जाताच येईना, म्हणून माघारी आले व्हते. काठावर उभे राहून त्यांनी एकदा माज्याकडं बगितलं, एकदा त्या लाल पाण्याकडं. एकदा भगदाडाकडं. मग ट्रंक खाली आपटली, कडी काढली आन् आतलं समदं उपडं केलं. धोतर, घोंगडी, दादूसाठी बांधून दिलेल्या नाचणीच्या भाकरी, समदं चिखलात. आत्याबाईनं न सांगता दगड द्यायला सुरवात केली, ते त्यांनी ट्रंकेत भरले. कडी लावली. आमी तिघांनी मिळून ती माज्या लग्नाची ट्रंक, गुलाबाच्या फुलांसकट, त्या भगदाडात ढकलली.

बसली! अशी बसली, की जणू त्या जागेचं माप घिऊन केलेली. वरनं धोंडे टाकले, बाजूनं बारक्या दगडांच्या चिपा मारल्या. पाणी कुरकुरलं, आन् सांडीकडं वळलं.

मालक कमरेएवढ्या पाण्यात उभे, नवी पैरण चिखलानं माखलेली. म्हणाले, "आता काय न्हेऊ मुंबईला?" आन् आमी असे हसलो, तिघं बी, की पोटात दुखायला लागलं. आत्याबाई तर काठावर बसून टाळ्या वाजवत व्हती, लहान पोरीसारखी.

दुपारी पाऊस जरा उघडला तवा कोंडिबा आबा आले. इरलं घिऊन काठावर उभे. तालीत माती दिसत व्हती, मांडीभर नसंल, पण गुडघ्याच्या वर खास. मी कंबर बांधून समोर गेले. म्हणलं, "आबा, आदीच सांगते. मी परत न्हेणार न्हाई. माती आपल्या पायांनी आली. कितींदा वाहू?"

ते तसेच राईकडं चढून गेले. आमी तिघं तितंच बसून ऱ्हायलो. ते काय बोलत्याल याच्यावर समदं अडलं व्हतं. परत आले तवा त्यांचे पाय चिखलानं भरले व्हते.

"ढीग न्हाई ऱ्हायला," ते म्हणाले. "थानाची जागा धुऊन निघालीया. पण राईची आपली माती जागची हालली न्हाई. हीच तेवढी आली." मग माज्याकडं बगून म्हणाले, "सूनबाई, त्या दिशी तू पदरातनं वतलीस, व्हय ना? हळदीकुंकू लावून?"

"व्हय, आबा."

"ती वटी झाली. देवीची वटी भरली की त्यातलं थोडं बाईच्या पदरात माघारी घालत्यात. ते माजं काम व्हतं. म्या घातलं न्हाई. माती हाय म्हणून ध्यानातच आलं न्हाई माज्या."

ते खाली उतरले. वाकले. तालीतली वली माती त्यांनी ओंजळीत घेतली आन् मला म्हणाले, "पदर पसर."

म्या पदर पसरला. त्यांनी ती माती माज्या पदरात घातली. आत्तापतुर एवढं झालं, पाणी, धोंडे, ट्रंक, माज्या डोळ्याला पाणी नव्हतं आलं. आता मातुर थांबंना. मालक खाली मान घालून उभे, त्यांचं बी तसंच.

दुसऱ्या दिवशी आमी लावणी केली. वाडीतल्या बाया गाणी म्हणत आल्या, त्याच, ज्या मला दगडावरनं चिडवत व्हत्या. गारंबीचा त्यो कोंब आबांनी आदीच राईत न्हिऊन लावला व्हता, त्यो अजून हाय, चांगला वेल झालाय. दादूला सांगावा धाडला, जागा दुसऱ्याला दे. त्यानं उलट सांगून धाडलं, "गेनूला म्हणावं, नवीन तांदूळ तरी धाड." धाडला. दर साली धाडतो.

आन् ती ट्रंक? त्या तालीतच ऱ्हायली. काढायची म्हणजे भिंत उकलायची, कोण काढणार? दोन पावसाळ्यांत गुलाबाची फुलं गेली. मग हिरवा रंग गेला. मग पत्र्याला पापुद्रे सुटायला लागले, तांबडे, बोटात घेतले की चुरणारे. औंदा मी तण काढायला गेले तवा हात घालून बगितलं. आत भरलेले दगड दगडांना धरून तसेच बसलेत, भवतीचा पत्रा मातुर न्हाई. सारोळ्याहून आलेली माजी ट्रंक आता माज्या खाचरात हाय.

मालक बांधावर बसून भाकरी खात व्हते. म्हणलं, "अवं, तुमची मुंबईची ट्रंक पार कुजली बगा."

"दगड कुजतो, ट्रंकेचं काय घिऊन बसलीस," ते म्हणाले, आन् कांदा फोडून अर्धा माज्याकडं केला.